कॉइलचं वय

म्हातारा ठाण्यातल्या बाकावरून सरळ तोंडावर पडला. ओठ फुटला, तरी हात पुढे आले नाहीत. शुद्धीतला माणूस पडताना हात पुढे करतो. दारूडा असला तरी करतो, नाटक करणारा तर हमखास करतो. म्हणून मला लगेच कळलं की हे नाटक नाही. इन्स्पेक्टरना ते कळलं नाही. ते म्हणाले, "पाणी मारा तोंडावर, उठेल."

मी पाणी मारलं नाही. अंगाला हात लावून पाहिलं. घामानं चिंब आणि थंडगार. जबडा आवळलेला. शर्टाच्या खिशात प्लॅस्टिकच्या पिशवीत इन्शुलिनची सुई होती. सकाळी नऊला त्याला दुकानातून आणलं होतं. आता अडीच वाजले होते. मधल्या वेळात त्यानं एकदा चहा मागितला आणि म्हणाला, "शक्कर है मेरेकू, अम्मा." म्हणून मी त्याला बिनसाखरेचा चहा दिला. मला वाटलं, मी त्याची काळजी घेतली. इन्शुलिन टोचून घेऊन उपाशी बसलेल्या माणसाला नेमकी साखरच हवी असते, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

चहाच्या डब्यातली साखर घेऊन मी त्याच्या हिरड्यांवर चोळली. त्यानं माझं बोट चावलं. चावला म्हणजे जीव आहे. मी शिपायाला म्हटलं, "गाडी काढ."

"कुणाला विचारून?" इन्स्पेक्टर म्हणाले.

"सार, हा इथं गेला तर सगळे तुम्हालाच विचारतील."

गाडी निघाली.

ती दुपार मी विसरलेले नाही. इतक्या वर्षांच्या नोकरीत खून पाहिले, जळालेल्या सुना पाहिल्या. पण कुणी आठवण लिहा म्हटलं, तर मला या गिटारीच्या केसचीच लिहावीशी वाटते, कारण तिच्यात चूक आमची होती.

मी हैदराबाद पोलिसात हेड कॉन्स्टेबल म्हणून निवृत्त झाले. अधिकारी म्हणावं एवढं ते पद मोठं नाही. पण ठाण्यात येणारा प्रत्येक कागद आणि प्रत्येक माणूस हेड कॉन्स्टेबलच्या टेबलावरून जातो. माझी शाळा चौथीपर्यंत. माहेर भालकीकडचं, शेतीचं. सोळाव्या वर्षी कुकटपल्लीच्या बाजूला पंख्यांच्या एका कारखान्यात कॉइल गुंडाळायला लागले आणि सहा वर्षं तेच केलं. नवरा पोलिसात शिपाई होता. तो ड्युटीवर असताना गेला आणि त्याच्या जागेवर मला घेतलं. तेव्हा पोलिसात बायका कमी होत्या, शिक्षणाकडे कुणी फार पाहिलं नाही. कारखान्यातलं काम मी विसरले होते. निदान मला तसं वाटत होतं.

फिर्याद अशी होती. चाळिशीचा एक मराठी माणूस ठाण्यात आला. आयटीत नोकरी, कुकटपल्लीत फ्लॅट. हातात लांब काळी पेटी. पेटीत चार जाड तारांची गिटार होती. तिला बेस गिटार म्हणतात. त्याचे वडील तरुणपणी सिकंदराबादच्या हॉटेलांतल्या ऑर्केस्ट्रात ती वाजवायचे. परदेशी परतणाऱ्या एका गोऱ्या साहेबाकडून त्यांनी ती घेतली होती. अमेरिकेत बनलेली, पन्नास वर्षांहून जुनी. आता परदेशातला एक संग्राहक ती घ्यायला तयार झाला होता. त्याच्या जाणकारानं आतले फोटो मागवले, ते बघितले आणि उत्तर धाडलं की, हा माल अस्सल नाही.

ते पत्र इंग्रजीत होतं, आमच्या शिपायानं मला अर्थ सांगत वाचून दाखवलं. अशा वाद्याचं वय वरून ठरत नाही, आतून ठरतं. आवाज कमीजास्त करायचं बटण असतं, त्याच्या पाठीवर आकडे ठोकलेले असतात. पहिले आकडे कारखान्याचे, पुढचे वर्षाचे, शेवटचे आठवड्याचे. तारांखाली जो भाग बसवतात त्याला पिकअप म्हणतात. त्यात लोहचुंबकाचे खुंट आणि भोवती केसाहून बारीक तांब्याची तार, हजारो वेढे. म्हणजे कॉइलच. त्याच्या तळपट्टीवर बनवणाऱ्यानं हातानं तारीख लिहिलेली असते. जोडणीच्या तारांना तेव्हा सुती कापडाचं वेष्टण असायचं. पत्रात लिहिलं होतं: बटणाचे आकडे बरोबर, तळपट्टीवरची तारीख बरोबर, कापडी तारा बरोबर. फक्त पिकअपमधली कॉइल चुकीची. त्या काळी तारेवरचं लाखेसारखं रोगण गडद जांभळट असायचं, या कॉइलची तार फितीच्या फटीतून पिवळसर दिसते. मूळ कॉइल काढून कुणीतरी दुसरी घातली आहे.

फोटोसाठी त्यानं स्वतः झाकण काढलं ते सोडलं, तर फिर्यादीच्या मते गिटार एकाच माणसानं उघडली होती. खरखर येत होती म्हणून महिन्यापूर्वी त्यानं ती नारायणगुड्यातल्या एका कारागिराकडे दिली होती. सत्तरीचा माणूस, गल्लीत आठ बाय दहाचं दुकान, रेडिओ, ॲम्प्लिफायर, गिटार असं सगळं दुरुस्त करायचा. फिर्यादी म्हणाला, "अस्सल कॉइल त्यानंच काढून घेतली. दुसरं कोण घेणार?"

त्यातच खबऱ्यानं खबर आणली: हा म्हातारा दर महिन्याला जुने सुटे भाग घेऊन अफझलगंजच्या भंगार बाजारात जातो. खबर खरी होती. खबरी बहुतेक वेळा खरंच सांगतात. त्या खऱ्याचा अर्थ काय ते त्यांना माहीत नसतं, आणि आम्ही विचारत नाही. म्हातारा अफझलगंजला मोडीची तांब्याची तार घ्यायला जायचा. जुने भाग तारेची जाडी जुळवायला न्यायचा, विकायला नव्हे. हे आम्हाला नंतर कळलं.

दुकानाची झडती घेतली. बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा सापडला. त्यात जुने पिकअप, सुटे चुंबक, तळपट्ट्या. इन्स्पेक्टर खूष झाले. "बघा," म्हणाले, "चोरबाजार." डबा जप्त झाला. म्हाताऱ्याला 'फक्त विचारपूस करायला' म्हणून ठाण्यात आणलं. माझ्यासमोर जनरल डायरी, म्हणजे ठाण्याची रोजची नोंदवही, उघडी होती. मी पेन हातात घेतलं, तर इन्स्पेक्टर म्हणाले, "आत्ता लिहू नका. कबूल झाला की अटकच दाखवू." मी पेन खाली ठेवलं.

ते पेन मी खाली ठेवायला नको होतं. नोंद केली असती तर वेळ कागदावर आली असती, जेवण द्यावं लागलं असतं, घरी कळवावं लागलं असतं. ज्याची नोंद नाही त्याला जेवण कोण देणार?

विचारपूस अशी चालली.

"अस्सल माल कुठं आहे?"

"साब, मैं सिर्फ वायर खोंसने का जॅक टाँका. कॉइल को हात बी नहीं लगाया."

"मग डब्यातला माल?"

"वो मरे हुए कॉइलाँ हैं साब. लोगाँ फेंक देते, मैं रख लेता."

"कशाला?"

"कायकू बोले तो... देखने को. कौन कैसा बाँधा."

शिपाई हसले. इन्स्पेक्टर म्हणाले, "देखने को! म्युझियम आहे का रे तुझं?" हेच पाच तास. हात कुणी उगारला नाही, हेही सांगते. उगारला असता तर म्हातारा कदाचित आधीच पडला असता आणि दवाखान्यात लवकर पोचला असता.

सरकारी दवाखान्यात त्याला ग्लुकोज लागलं. संध्याकाळपर्यंत डोळे उघडले, पण शब्द फुटेना. डॉक्टरीण म्हणाली, साखर फार वेळ खाली राहिली, दोन दिवस ठेवून बघू. त्याची बायको आली. ठेंगणी, चष्म्याला दोरी बांधलेली. ती रडली नाही. माझ्या बाहीवरच्या पट्ट्या बघितल्या आणि म्हणाली, "सुई लेको बैठे आदमी को भूका रखे तुम लोगाँ. घर में बिल्ली बी भूकी नहीं सोती हमारे." मग माझ्या बोटाकडे बघितलं. पट्टी बांधलेली होती. "ये क्या?"

"तुमच्या नवऱ्यानं चावलं."

"अच्छा करे," ती म्हणाली.

मी ठाण्यात परतले तर इन्स्पेक्टर कागद तयार करत होते. विश्वासानं दिलेल्या मालाची खयानत, म्हणजे अपहार. "डिस्चार्ज मिळाला की तिथूनच अटक," ते म्हणाले. त्यांचंही गणित मला समजत होतं. माणूस आरोपी ठरला तर ठाण्यात पडला ही बारीक गोष्ट होते. निर्दोष ठरला तर तीच मोठी होते. म्हाताऱ्याला आजारातून उठून तुरुंगात जायचं होतं, आणि ते थांबवायला माझ्याकडे दोन दिवस होते.

पहिलं काम मी हे केलं की जनरल डायरीत नोंद लिहिली. सकाळी नऊला आणलं, अडीचला पडला, मधे अन्न दिलं नाही. खाली माझी सही. इन्स्पेक्टरांनी वाचलं आणि म्हणाले, "तुम्हाला निवृत्तीला किती राहिलंय?" मी म्हटलं, "दोन वर्षं, सार." त्यांनी डायरी मिटली. नंतर मला ठपक्याचा मेमो मिळाला, तो अजून घरात आहे.

दुसऱ्या दिवशी मुद्देमालाच्या खोलीतून गिटार काढली. इन्स्पेक्टरांना म्हटलं, पंचनामा करू. ते म्हणाले, "तुम्हाला गिटारीतलं काय कळतं?" मी म्हटलं, "गिटारीतलं काही नाही. कॉइलमधलं कळतं." त्यांनी परवानगी दिली, बहुधा मी तोंडावर पडेन म्हणून. दोन पंच बोलावले, समोरचा झेरॉक्सवाला आणि औषधाच्या दुकानाचा मालक. फिर्यादी उभा होता. त्याचा जीव त्या वाद्यावर होता, सारखं "हळू, मॅडम, हळू" चाललं होतं.

आधी मी टाके बघितले, म्हणजे कथिल वितळवून तारा जोडतात ते. एकच टाका चकचकीत होता, जिथं बाहेरची वायर खोचतात तो जॅकचा. बाकी सगळे टाके काळपट आणि त्यांच्यावर चिकट धूळ. पिकअपच्या दोन्ही तारांचे टाकेही तसेच. कॉइल महिन्यापूर्वी बदलली असती तर ते टाके वितळवावे लागले असते. म्हातारा जे पाच तास सांगत होता तेच तिथं लिहिलेलं होतं.

इन्स्पेक्टर म्हणाले, "टाका जुना दिसेल असा करता येतो."

करता येतो. म्हणून मी पिकअप बाहेर काढला. कॉइलच्या बाहेरून काळी सुती फीत गुंडाळलेली होती. फिर्यादीला विचारून, पंचांना दाखवून ती सोडवली. पिवळसर तार दिसली. आणि जिथून वेढे सुरू होतात तिथं, तारेचं टोक सुटू नये म्हणून, दोऱ्याची गाठ.

ती गाठ बघून मी खुर्चीवर बसले.

आमच्या कारखान्यात दोन पाळ्या होत्या. कॉइल जळून परत आली तर ती कोणत्या पाळीतल्या बाईनं बांधली हे मुकादमाला कळायला हवं होतं. म्हणून सुरुवातीच्या टोकाला दोरा बांधायचा. सकाळच्या पाळीचा एक रंग, दुपारच्या पाळीचा दुसरा. दोन फेरे, एक उलटी गाठ आणि टोक आत दुमडायचं. ही गाठ बांधायला आम्हाला महिनाभर शिकवलं होतं, आणि वाकडी आली तर मुकादम कात्रीनं कापून टाकायचा. पुढे चिकटपट्टी आली, दोरा बंद झाला, आणि मी सोडल्यानंतर थोड्याच वर्षांत कारखानाही बंद झाला. त्यानंतर ती गाठ बांधायचं कुणाला कारणच उरलं नाही. म्हणजे ही कॉइल हैदराबादेतच बांधलेली होती, आमच्या कारखान्यातल्या कुण्या बाईनं, आणि तिला निदान तीस वर्षं झाली होती. महिन्यापूर्वीची नक्कीच नाही.

जप्त केलेला डबाही मी उपसला. म्हाताऱ्याच्या हातच्या कॉइली होत्या, त्यांच्या सुरुवातीला कागदी पट्टी. एकातही दोरा नाही. तळपट्ट्यांवरच्या तारखा वेगवेगळ्या वर्षांच्या, या गिटारीशी एकही जुळत नव्हती.

इन्स्पेक्टर म्हणाले, "हे कोर्टात टिकणार नाही. तुमची गाठ, तुमचीच साक्ष." खरं होतं. साक्ष दुसऱ्या कुणाची तरी हवी होती. तीस वर्षांपूर्वी ही गिटार ज्याच्या हातात होती, त्याची.

त्याच दुपारी मी फिर्यादीबरोबर त्याच्या घरी गेले. गाडीत मी त्याला एवढंच सांगितलं की वडिलांचा जबाब राहिलाय. पंचनाम्याबद्दल घरी फोन करायचा नाही, असंही सांगितलं. त्यानं केला नाही. सज्जन माणूस होता.

वडील ऐंशीच्या घरातले. पांढरा झब्बा, केस नीट विंचरलेले.

"या बाई. मराठी दिसता."

"माहेर भालकीकडचं."

"मग शेजारच्याच की. आमचं मूळ गाव उदगीरकडं. बसा. सुनेनं उप्पिंडी केली, खाता का?"

"खाऊन आले, काका. दोन गोष्टी विचारायच्यात."

"विचारा की. मला कुठं स्टेजवर जायचंय आता?"

मी गिटारीबद्दल विचारलं. ते खुलले. कुठं वाजवली, कुणाच्या लग्नात वाजवली. अमेरिकेची गिटार आली म्हणून लोक दुसऱ्या हॉटेलातून उठून यायचे. सुनेनं चहा दिला, तो पीत मी ऐकून घेतलं. माणूस बोलत असेल तर बोलू द्यावं, पोलिसाला यापेक्षा मोठी युक्ती लागत नाही. मग म्हटलं, "आज गिटार उघडली, काका. कॉइलच्या आत दोरा सापडला."

त्यांनी मुलाकडे बघितलं. "पार आतपर्यंत उघडली?"

"हो बाबा, पंचांसमोर."

"बरं. मग काय झालं त्यानं? लाल दोरा काय, कुणीही बांधील."

मी कप खाली ठेवला. "काका, रंग मी सांगितला नव्हता."

सून दारात थांबली. मुलगा म्हणाला, "बाबा?" वडिलांनी हाताची बोटं टेबलावर पसरली. बोटांची टोकं चपटी होती, इतक्या वर्षांच्या वाजवण्यानं झालेली.

मग त्यांनी सांगितलं. एका पावसाळ्यात स्टेजचं छप्पर गळलं, पाणी गिटारीत गेलं, कॉइल गंजून तुटली, आवाज बंद. बदली भाग मिळायचा तर अमेरिकेहून. त्यांच्या वाड्यात पंख्याच्या कारखान्यात जाणारी एक बाई राहायची. तिनं मूळ खुंटांवर नवी तार बांधून दिली, तीन रविवार बसून. त्यांनी शेजारी बसून बघितलं होतं. बाई कोण म्हणून मी विचारलं. नाव ओळखीचं नव्हतं. लाल म्हणजे सकाळची पाळी, मी दुपारच्या पाळीत होते.

"मुलाला का नाही सांगितलं?"

"आधी बँडला नाही सांगितलं. मग कुणालाच नाही. अमेरिकेची गिटार म्हणून तर मला बोलवायचे, बाई. आत पंख्याची कॉइल आहे म्हटलं असतं तर?"

"आणि तो कारागीर ठाण्यात आहे, हे माहीत होतं?"

"हौ."

"तो पडला, तेही?"

"पोरानं रात्री सांगितलं. वाटलं, काही सापडलं नाही की सोडतील. तुम्ही सोडता ना?"

"सोडतो," मी म्हटलं. "कधी कधी उशीर होतो."

मुलानं वडिलांचा चष्मा टेबलावरून उचलून त्यांच्या हातात दिला, कारण जबाब वाचून सही करायची होती. सही सुंदर होती, इंग्रजीत, शेवटी लांब रेघ.

फिर्याद गैरसमजातून झाली, असा अहवाल कोर्टात गेला. अटक झाली नाही. इन्स्पेक्टरांची बदली झाली, ती ठरलेलीच होती. शिक्षा कुणाला झाली नाही. मेमो मिळाला तो मला.

पंधरा दिवसांनी म्हातारा जप्त केलेला डबा घ्यायला आला. बोलणं परतलं होतं, डावा पाय थोडा ओढत होता. मी एकेक नग मोजून दिला, पोचपावतीवर सही घेतली. मग विचारलं, "कॉइल पुन्हा बांधलेली आहे, हे तुम्हाला कळलं होतं का?"

"हौ अम्मा. मीटर लगाया तोइच मालूम पड़ा."

"मग गिऱ्हाइकाला का नाही सांगितलं?"

"वो इत्ता खुश था. अब्बा की गिटार, अब्बा की गिटार. मैं कौन होता उसका दिल तोड़ने वाला?"

"आणि ठाण्यात? ठाण्यात तरी सांगायचं."

"तब बोलता तो चोर का बहाना लगता ना." मग त्यानं डबा काखेत मारला आणि म्हणाला, "पन अच्छी बाँधी थी, अम्मा. मेरे से अच्छी."

या केसनं मला काय शिकवलं, असं लोक विचारतात. माणसं भिडेपोटी गप्प बसतात, लाजेपोटी गप्प बसतात, आणि पोलीस नेमक्या त्याच गप्पपणाला गुन्हा समजतो. वस्तूला भीड नसते. आम्ही आधी गिटार उघडली असती तर म्हाताऱ्याला दुकानातून उठवावंच लागलं नसतं. ते काम अर्ध्या तासाचं होतं, आणि करायला एक पेचकस पुरला. उलट आम्ही माणूस उघडायला बसलो. मीही त्यात होते. वरिष्ठानं लिहू नका म्हटलं म्हणून मी पेन खाली ठेवलं, ते भिडेपोटीही नव्हतं. ते नोकरीपोटी होतं. नव्या मुली पोलिसात येतात, भेटतात, नमस्कार करतात. मी त्यांना एकच सांगते, माणूस दारातून आत आला की वेळ लिहा, आणि मग त्याला विचारा, जेवलास का.

फिर्यादीचे वडील त्याच वर्षी वयोमानानं गेले. कारागीर वाचला. पाय ओढतो, पण अजून दुकानात बसतो.